मटणासाठी शेळ्यांचा संकर : बोकड कुठल्या जातीचा घ्यावा? कोल्हापूर भागातल्या शेळीपालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हातकणंगले तालुक्यात गेली काही वर्षं मी अर्धबंदिस्त पद्धतीनं शेळ्या पाळतो. गोठ्यावर येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा बोकडाकडं बघतो आणि विचारतो, "कुठली जात?" शेळ्यांकडं फारसं कुणी बघत नाही. माझ्या मते निम्मा तोटा तिथंच सुरू होतो. पुढचे प्रश्न मला प्रत्यक्षात विचारलेले आहेत.

मांसासाठी संकर म्हटलं की परदेशात गाईंचं बोलतात. आपण शेळीचंच का बोलतोय?

महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूंच्याही कत्तलीला बंदी आहे. त्यामुळं मांसासाठी गाईंचा कळप हा आपल्याकडं विषयच नाही. पण परदेशातल्या पशुपालकांनी त्या धंद्यात जे शिकून घेतलं, ते शेळीला जसंच्या तसं लागू पडतं. तिकडं आईची जात वेगळ्या गुणांसाठी निवडतात आणि वळूची वेगळ्या गुणांसाठी. हिअरफोर्ड आणि अँगसच्या संकरातून आलेली काळ्या अंगाची, पांढऱ्या तोंडाची गाय उत्तम आई म्हणून ठेवायची, तिला शारोलेसारखा भरदार वळू लावायचा आणि त्या जोडीची सगळी वासरं विकून टाकायची. उष्ण भागासाठी अमेरिकेत ब्राह्मण ही जात तयार झाली, ती तर भारतातून गेलेल्या गाई-वळूंच्या रक्तातूनच. ऊन, गोचीड आणि निकृष्ट चारा सोसायची ताकद आपल्या जनावरांत आहे, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं. आपण मात्र अजून गावठी शेळीला नावं ठेवतो.

संकर केल्यानं नेमकं काय मिळतं?

दोन गोष्टी मिळतात, आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली म्हणजे गुणांची जोडणी. आईकडून दूध, जुळी आणि काटकपणा. बापाकडून वाढ आणि अंगावरचं मांस.

दुसरी म्हणजे संकरओज. समजा, एका जातीची करडं नऊ महिन्यांत १८ किलो भरतात आणि दुसऱ्या जातीची २६ किलो. सरासरी झाली २२. संकरित करडू साडेतेवीस भरलं, तर वरचा दीड किलो हा संकरओज. रक्तानं एकमेकांपासून लांबच्या जाती एकत्र आल्यामुळं तो मिळतो. वजनापेक्षाही तो करडांच्या जगण्यात आणि मादीच्या प्रजननात जास्त दिसतो. म्हणजे निवड करून जे गुण सावकाश सुधारतात, तिथंच संकर जास्त उपयोगी पडतो.

पण हे दान पहिल्या पिढीला सगळ्यात जास्त मिळतं. पहिल्या पिढीचेच नर-मादी आपसांत लावले की ते निम्म्यावर येतं. पुढचे बरेच प्रश्न या एका वाक्यावर फिरतात.

मग सुरुवात कुठून करायची? बोकडापासून की शेळीपासून?

शेळीपासून. शेळी आपल्या गावाची बघून घ्यायची आणि बोकड आपल्या बाजाराचा.

शेळी तुमच्याकडं पाच-सहा वर्षं राहते. तुमचा पाऊस, तुमची वैरण, तुमच्या गावातली जनावरांच्या डॉक्टरची सोय किंवा गैरसोय, हे सगळं तिला सोसावं लागतं. तिनं वेळेवर माजावर यावं, गाभण राहावं, दोन करडं द्यावीत आणि दोन्ही आपल्या दुधावर वाढवावीत. विकायचं करडू तुमच्या गोठ्यात नऊ-दहा महिने असतं. बोकडाचं रक्त त्याच्यात निम्मंच आहे, आणि ते पुढं चालवायचंच नसेल तर बोकड थोडा नाजूक असला तरी एकट्याला जपता येतं. पन्नास शेळ्या नाजूक निघाल्या तर त्यांना कोण जपणार?

शिरोळ, हातकणंगले, कागलचा पूर्व भाग अशा कमी पावसाच्या पट्ट्यात आईसाठी माझी पहिली पसंती उस्मानाबादी. धाराशिव, लातूर भागातली ही जात. बहुतेक शेळ्या काळ्याभोर, काहींच्या कानांवर पांढरे ठिपके. पूर्ण वाढलेली शेळी साधारण ३० ते ३२ किलोची, म्हणजे खाणं बेताचं. जुळी देण्याचं प्रमाण चांगलं आणि नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेतं. मोठ्या देहाच्या जाती बघून आलेल्या माणसाला ती किरकोळ वाटते. वजनकाट्यावर हिशोब मांडला की मत बदलतं. तो हिशोब पुढं दिला आहे.

संगमनेरी शेळीही चांगली आई आहे. दूध उस्मानाबादीच्या तोडीचं, रंग बहुधा पांढरा. आपल्या बाजारात खात्रीची संगमनेरी कमी दिसते, एवढीच अडचण.

आमचं गाव गगनबावड्याकडं आहे. उस्मानाबादी टिकेल का?

टिकवावी लागेल; आपोआप टिकणार नाही. आपल्या जिल्ह्यात शिरोळचा पाऊस आणि गगनबावड्याचा पाऊस यांत सुमारे दहा पटींचा फरक आहे. कोरड्या मुलखातली शेळी चार महिने ओलीत उभी राहिली की खूर सडतात, फुप्फुसाचा दाह होतो, पोटात जंत होतात. भातखाचरांच्या आणि ओढ्याच्या कडेला गोगलगायींमुळं चपट्या कृमींचा त्रास वेगळाच.

गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगडचा पश्चिम भाग इथल्या लोकांनी कोकण कन्याळचा विचार आधी करावा. ही सिंधुदुर्गातली जात. काळ्या तोंडावर पांढरे पट्टे, पाय लांब, डोंगरात चढायला पटाईत. जास्त पावसात आणि दमट हवेत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली आहे. घाटाखालची शेळी घाटमाथ्यावर आणणं हे मराठवाड्यातली आणण्यापेक्षा कितीतरी सोपं.

आणि कुठलीही जात असो, या भागात लाकडी पट्ट्यांचं मचाण पाहिजेच. लेंड्या आणि मूत खाली पडतं, शेळी कोरडी राहते. जातीवर जेवढा खर्च कराल, त्यातला थोडा मचाणावर करा.

बोअरचं एवढं नाव आहे. बोकड बोअरच घ्यावा का?

या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर मी देत नाही, कारण दोन्ही उत्तरांनी लोकांना बुडताना पाहिलंय.

बोअर ही दक्षिण आफ्रिकेत मांसासाठीच घडवलेली जात. पांढरं अंग, तांबूस डोकं, रुंद छाती, भरलेल्या मांड्या. उत्तम पोसलेला शुद्ध बोकड शंभर किलोच्या पुढं जातो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं १९९० च्या दशकात ही जात महाराष्ट्रात आणली. विकायच्या करडांचा बाप म्हणून तिच्या तोडीची दुसरी जात मला माहीत नाही.

पण तीन अटी आहेत.

पहिली अट वैरणीची. बोअरचं रक्त वाढ करून देतं ते खाणं मिळालं तरच. नुसत्या बांधावर चरून येणाऱ्या कळपात बोअरचं करडू आणि गावठी करडू यांत तीन महिन्यांनंतर फारसा फरक राहत नाही. दूध सुटायच्या आधीपासून करडांना वेगळ्या कप्प्यात खुराक, पुढं द्विदल वैरण आणि भरडा, एवढी तयारी असेल तरच बोअर.

दुसरी अट पाटींची, म्हणजे मादी करडांची. बोअरच्या पाटी ठेवायच्या की विकायच्या, हे आधी ठरवा. मी विकतो.

तिसरी अट शुद्धतेची. 'शंभर टक्के आफ्रिकन' म्हणून विकला जाणारा प्रत्येक तांबड्या डोक्याचा बोकड शुद्ध नसतो. मी स्वतः एका गोठ्यावरून असाच एक बोकड आणला होता. दिसायला देखणा, कागदावर वंशावळ. त्याची करडं मात्र एकाच वेतात एक भरदार आणि एक लुकडं अशी यायला लागली. दोन वेतं वाया गेली. त्यानंतर मी नियम केला : बोकडाचे आई-बाप डोळ्यांनी बघायचे, आणि जमलं तर त्याची करडंही. विक्रेता आई-बाप दाखवत नसेल तर मी व्यवहार करत नाही.

मटणाच्या दुकानात बोअरला बोअर म्हणून जास्त पैसे कुणी देत नाही. खाटीक किलोवर घेतो. 'पैदाशीचा भाव' हा शेळीपालकांनी शेळीपालकांकडून घेतलेला भाव आहे. त्या भावावर आखलेला धंदा, आणि 'आमच्याकडून शेळ्या घ्या, करडं आम्हीच परत घेऊ' असं सांगणारी योजना, या दोन्हींपासून लांब राहा, असं मी कळकळीनं सांगतो.

बोअर परवडत नाही. दुसरं काय?

सिरोही. राजस्थानातली, तपकिरी अंगावर गडद ठिपके, काटक आणि अंगानं बरी. अर्धबंदिस्त कळपासाठी मला ही सगळ्यात व्यवहारी निवड वाटते. पंजाबची बीटल उंच, दुधाळ, पण खाणं जास्त. जमनापारी दिसायला राजस; पोपटासारखं नाक, लोंबते कान. मात्र ती तिच्या मुलखाबाहेर हट्टी आहे, आणि आपल्या पावसात नाजूक. बारबेरी छोटी, बंदिस्त गोठ्याला छान, पण वाढीसाठी बोकड म्हणून उपयोग कमी.

आणि एक पर्याय लोक विसरतात : उत्तम, निवडलेला उस्मानाबादी बोकड. जुळ्यांतला, दुधाळ आईचा, तीन महिन्यांना सगळ्यांत वजनदार भरलेला. ज्यांच्याकडं खुराकाची सोय नाही, त्यांनी संकर न करता हाच बोकड वापरावा. यात कमीपणा कसला?

संकरित नर फार देखणा निघालाय. तोच पैदाशीला ठेवू का?

नको. हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. तो देखणा आहे कारण तो पहिल्या पिढीचा आहे. त्याचा देखणेपणा म्हणजे दोन वेगळ्या जातींची जोडी. ती जोडी तो पुढं जशीच्या तशी देऊ शकत नाही. त्याला पहिल्या पिढीच्याच शेळ्यांना लावलं तर संकरओज निम्मा होतो आणि करडं विषम येतात. शिवाय तो घरचाच असल्यामुळं बहिणींवर जातो. बाप आणि लेक यांच्या संबंधातून आलेल्या करडात अंतःप्रजनन २५ टक्के असतं; कमी वजन, मरतुक, व्यंग हे सगळं त्यातून येतं.

घरचा देखणा नर चांगल्या भावानं विका. पैदाशीचा बोकड दर दीड-दोन वर्षांनी बदला, म्हणजे तो स्वतःच्या लेकींवर जाणार नाही.

सगळी संकरित करडं विकली तर पुढच्या शेळ्या कुठून आणायच्या?

योग्य प्रश्न. यावर विचार न केल्यामुळं चांगले कळप चार वर्षांत मोडतात.

पन्नास शेळ्यांचं गणित धरू. दर वर्षी साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे दहा शेळ्या, वयामुळं किंवा कासेच्या दोषामुळं बदलाव्या लागतात. त्यासाठी सर्वांत चांगल्या वीस शेळ्या उस्मानाबादी बोकडाला लावा. वेताला सरासरी दीड करडू धरलं तर तीस करडं, त्यांत पंधरा पाटी. दोन गेल्या तरी तेरा उरतात, आणि दोन वर्षांत वेतं तीन होतात. म्हणजे वर्षाला एकोणीसच्या आसपास पाटींतून दहा निवडायला मिळतात. उरलेल्या तीस शेळ्या बोअर किंवा सिरोहीला लावा आणि त्यांची करडं नर-मादी न बघता बाजाराला.

यासाठी दोन बोकड आणि दोन वेगळे कप्पे लागतात. पंचवीस-तीस शेळ्यांना एक बोकड पुरतो, त्यामुळं पन्नासच्या कळपाला दोन लागतातच. जास्तीचा खर्च नाही.

वीस शेळ्यांच्या आतला कळप असेल तर एवढा खटाटोप करू नका. पाटी बाजारातून किंवा ओळखीच्या गोठ्यावरून घ्या. शेळी-मेंढी विकास महामंडळाचं एक प्रक्षेत्र सांगली जिल्ह्यात कवठेमहांकाळजवळ रांजणीला आहे. तिथंही चौकशी करता येते.

जात चांगली की वाईट हे मोजायचं कसं?

करडाच्या वजनावरून नाही, शेळीच्या वजनावरून.

एक शेळी ३२ किलोची. तिनं जुळी दिली, तीन महिन्यांना प्रत्येकी १० किलो. एकूण २०. दुसरी ४५ किलोची, एकच करडू, पण १४ किलोचं. मेळाव्यात दुसरीच्या करडाभोवती गर्दी होते. पण पहिलीनं स्वतःच्या वजनाच्या ६२ टक्के माल दिला, दुसरीनं ३१ टक्के. आणि दुसरी वर्षभर दीडपट खाते.

यासाठी कानात बिल्ला, एक वही आणि टांगता काटा एवढंच लागतं. जन्माचं वजन, तीन महिन्यांचं आणि विक्रीचं. जन्मतः अडीच किलोचं करडू नव्वदाव्या दिवशी साडेअकरा किलो भरलं, तर दिवसाला १०० ग्रॅम वाढ झाली. दोन वेतांची वही भरली की कुठला बोकड ठेवायचा हे मला विचारायला यायची गरज राहत नाही.

पहिल्या वेताच्या पाटींना बोअर चालेल का?

नाही. करडू मोठं, वाट अरुंद. अडलेली पाट वाचवताना रात्र जाते, आणि बरेचदा दोन्ही जीव जातात. पहिलं वेत उस्मानाबादी बोकडाचंच घ्या, तेही पाट २२ ते २५ किलोची झाल्यावर.

बोकड घेताना काय बघायचं?

दोन्ही अंडं उतरलेली, सारख्या आकाराची आणि घट्ट. खूर आणि सांधे सरळ. वरचा-खालचा जबडा जुळलेला. आई जुळी देणारी. ब्रुसेलाची (गाभ टाकायला लावणाऱ्या संसर्गाची) तपासणी केलेली असावी.

आणि शिंगं. उस्मानाबादीत बिनशिंगी शेळ्या बऱ्याच असतात. बिनशिंगी बोकड बिनशिंगी शेळ्यांना लावला तर काही करडं ना धड नर, ना धड मादी अशी निपजू शकतात. हा दोष प्रामुख्यानं युरोपीय जातींत अभ्यासला गेलाय, पण धोका पत्करण्याचं कारण नाही. बोकड शिंगाचाच घ्या.

नवीन जनावर महिनाभर वेगळं बांधा. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची) लस करडांना तीन महिन्यांनंतर. ती सुमारे तीन वर्षं संरक्षण देते. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी, मे महिन्यात. संकरित म्हणून लसीत सूट नाही.

आमच्याकडं उसाचं वाढं भरपूर आहे. त्यावर संकरित करडं वाढतील का?

वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे; त्यानं पोट भरेल, अंग भरणार नाही. वाढ्यात प्रथिनं कमी आणि ऑक्झलेट जास्त. ते शरीरातलं कॅल्शियम अडवतं. वाढं द्या, पण कुट्टी करून, खनिज मिश्रणासोबत आणि निम्म्याहून कमी. बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ लावा. एका कोपऱ्यात मेथी घास किंवा दशरथ घास. भुईमुगाचा पाला वाळवून ठेवा. सोयाबीनचं भुसकट जनावरांपुढून वाया जाताना दिसलं की मला वाईट वाटतं. शेळ्या ते आवडीनं खातात.

वैरणीची ही सोय झाल्याशिवाय बोअरसाठी पैसे मोजू नका.

कोल्हापूरच्या बाजाराला कसं करडू हवं असतं?

तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या मटणाला कोवळं, पण हाडात रस धरलेलं जनावर लागतं. खाटकांशी बोलून माझं मत असं झालंय की नऊ-दहा महिन्यांचं, २० ते २५ किलोचं करडू सर्वांत पटकन जातं. फार मोठं जनावर एका दिवसात खपत नाही, म्हणून दुकानदार कचरतो. त्यामुळं ४० किलोचं संकरित जनावर करण्यापेक्षा २५ किलो दोन महिने आधी गाठणं, हा संकराचा खरा फायदा.

आषाढात, त्र्यंबोलीच्या यात्रेच्या दिवसांत आणि गावोगावच्या जत्रांना मागणी वाढते. आषाढाला नऊ-दहा महिन्यांचं करडू हवं, तर ते सप्टेंबर-ऑक्टोबरात जन्मलं पाहिजे, म्हणजे शेळी एप्रिल-मेमध्ये भरवली पाहिजे. गाभणकाळ पाच महिन्यांचा. यात आणखी एक फायदा आहे : करडं जुलै-ऑगस्टच्या झडीत जन्माला येत नाहीत.

बकरी ईदचं गणित वेगळं. तिथं वर्ष पूर्ण झालेला, निर्व्यंग, देखणा बोकड लागतो. तिथं सिरोही आणि बीटलचा संकर शोभून दिसतो. कान फाटलेला, शिंग मोडलेलं असं जनावर नाकारलं जातं, म्हणून त्या बोकडांना बिल्लाही मारू नका; गळ्यात पट्टा बांधा.

आमचा मेंढरांचा कळप आहे. हेच नियम लागू होतील का?

तत्त्व तेच. दख्खनी मेंढी आई म्हणून ठेवावी आणि जतकडचा माडग्याळ नर लावावा, ही जोडी आपल्या भागातल्या धनगर बांधवांनी कुणी न शिकवता बसवली. जुळी हवी असतील तर फलटणच्या निंबकर संस्थेनं बंगालच्या गारोळ मेंढीतलं जुळ्यांचं जनुक दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली आहे. पण रोज कोसभर चालणाऱ्या कळपात जुळी म्हणजे आईवर भार. जुळी पोसायची सोय असेल त्यांनीच तिकडं वळावं.

अनुदान घेऊन एकदम मोठा कळप करू का?

राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० शेळ्या व ५ बोकडांपासून ५०० शेळ्या व २५ बोकडांपर्यंतच्या प्रकल्पांना ५० टक्के भांडवली अनुदान आहे. पहिल्याला कमाल १० लाख, शेवटच्याला ५० लाख. अर्ज करण्याआधी तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून चालू नियम समजून घ्या.

पण आधी दहा-पंधरा शेळ्या दोन पावसाळे सांभाळा. पहिल्या वर्षी बोकड विकतसुद्धा घेऊ नका. शेजारच्या चांगल्या बोकडाकडून शेळ्या भरवून घ्या. शंभर शेळ्यांत जी मरतुक होते ती शिकायला फार महाग पडते. पहिल्या पावसाळ्यात कुठल्या शेळ्या आजारी पडल्या, कुठल्या पडल्या नाहीत, ते वहीत लिहा. न पडलेल्यांच्या पाटी राखून ठेवा, आणि त्यानंतर बोकडाची जात ठरवायला बसा.